बसम्माच्या तीन बाया

लातूर जिल्हा झाला त्या साली मी नव्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे येत होते आणि टेबलं कमी असल्यानं आम्ही जमिनीवर बसूनच ते लावत होतो. त्या गडबडीत एक दिवस निलंग्याकडच्या कल्लगावची बसम्मा आली. पन्नाशीची, कपाळाला विभूती. मागं तिचा नवरा रेवणप्पा, टोपी हातात धरून.

"सायब, आमच्या तीन बाया चोरीला गेल्यात."

मी म्हणालो, पोलिसात जा.

"दगडाच्या हायत. दहा वर्सं झाली."

मग ती बसली आणि सांगू लागली.

कल्लगावात महादेवाचं एक जुनं देऊळ होतं. छत पडलेलं, पूजा बंद. बाहेरच्या भिंतीवर मात्र तीन दगडी बाया शाबूत होत्या. एक आरसा धरलेली, एकीच्या मांडीवर विंचू, एक मृदंग वाजवणारी. बसम्मा बिदरकडून लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं आणि घरात सगळे मराठी बोलत. दुपारी शेण्या थापून झाल्या की ती देवळामागं जायची आणि त्या तिघींशी बोलायची. मराठी आल्यावरही ती सवय राहिली. दर सोमवारी तिघींच्या अंगाला तेल लावायची. गाव हसायचं, तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. बसम्मा बायकांबरोबर खडी फोडायला दूरच्या रस्त्याच्या कामावर गेली. आठवडाभर तिथंच पालात राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. खायला रेशनची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापली तरी तुटायची आणि पोरं ती बघूनच तोंड फिरवायची.

एका शनिवारी ती घरी आली तर घरात पांढऱ्या ज्वारीची भाकरी होती. पोरं हसत खात होती. तीही जेवली. दुसऱ्या दिवशी देवळामागं गेली, तर भिंतीत तीन भगदाडं.

तिनं गावभर विचारलं. कुणी मान वर केली नाही. आठ दिवसांनी रेवणप्पानंच तोंड उघडलं. जीपमधून एक माणूस आला होता. सरकार मूर्ती सांभाळून ठेवणार हाय, म्हणाला. पाच गडी पाहिजेत, गड्याला एक पोतं ज्वारी. गड्यांना ते सगळं खरं वाटलं असं नाही, पण कुणी फार विचारलंही नाही.

"दोन महिने मी ह्यांच्याशी बोलले न्हाई," बसम्मा मला म्हणाली. "पण काय करावं, सायब? ती भाकर मीबी खाल्ली व्हती."

तक्रार करायची तर नवऱ्याचं नाव आधी येणार. उस्मानाबाद लांब, तिथं ओळखीचं कुणी नाही. अशी दहा वर्षं गेली. लातूरला कचेरी आल्याचं कळलं तेव्हा रेवणप्पाच म्हणाला, "चल. माझ्या तोंडानं सांगतो."

आमचे हेडक्लार्क म्हणाले, फोटो नाही, कागद नाही, सोडून दे. मी तरी लिहायला घेतलं. बसम्मा वितीनं आणि बोटांनी मापं सांगत गेली. विंचवाची नांगी कुठं वळते, आरशाची मूठ किती जाड. तेल लावलेल्या हातांना सगळं पाठ होतं.

तेवढ्यात रेवणप्पा पुढं आला. "लिहा सायब. पहार माझ्या हातात व्हती. काढताना विंचवाच्या बाईचा डाव्या पायाचा अंगठा तुटला."

बसम्मानं त्याच्याकडं पाहिलं. "हे मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

"तुला काय काय सांगू?" असं म्हणून तो भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला पाणी दिलं.

तो जबाब मी पोलिसांकडं आणि पुरातत्त्व खात्याकडं पाठवला. चार वर्षं काही झालं नाही. मग हैदराबादेत एका व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला. सापडलेल्या मूर्तींची यादी आली, त्यात एक विंचू असलेली, डाव्या पायाचा अंगठा तुटलेली. ओळख पटवायला दोघांना बोलावणं आलं. मीही सोबत गेलो.

गोदामात ती गवतात आडवी ठेवली होती. बसम्मा खाली बसली, तिच्या मांडीवरून हात फिरवला आणि रागावल्यासारखी म्हणाली, "इष्टु दिन एल्लि इद्दे?" इतके दिवस कुठं होतीस. रेवणप्पानं त्या तुटक्या अंगठ्यावर बोट ठेवून फौजदाराला सांगितलं, "हीच."

खटल्यात रेवणप्पाला साक्षीदार केलं, पण खटला संपल्यावर मूर्ती गावाला मिळाली नाही. देवळाला ना छत, ना दार. ती सरकारी संग्रहालयात गेली. कल्लगावची माणसं चिडली, मोर्चा काढू म्हणाली. रेवणप्पाही मूर्तीसाठी खोली बांधायला विटा टाकायला निघाला होता. बसम्मानं त्याला थांबवलं.

"तिथं कुलूप तरी हाय," ती म्हणाली. "गावात कोण व्हतं? आपणच व्हतो."

आरशाची आणि मृदंगाची अजून सापडलेल्या नाहीत. साहेब बदलला की दोघं लातूरला यायची, नव्या साहेबासमोर सगळी मापं पुन्हा सांगायची. मी वरच्या पदावर गेलो तरी ते लिहायचं काम माझ्याकडंच ठेवलं होतं.

एक्याण्णव साली रेवणप्पा वारला. महिन्याभरानं बसम्मा एकटीच आली. नव्या साहेबांनी विचारलं, "तक्रारदाराचं नाव?"

तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं मी ऐकलं नव्हतं. पदर सावरून ती म्हणाली, "रेवणप्पा. त्येंच्या खाली माझं लिहा."