नलूताईंची बारी

फोन दुपारी आला. होळी होऊन गेली होती, नागपुरात उन्हाचा चटका सुरू झाला होता आणि मी गच्चीवर पापड वाळत घालून नुकतीच खाली उतरले होते. एसटीडीची ती लांब लांब वाजणारी घंटा ऐकून मी तशीच फोनकडे धावले. पलीकडे मिसिराइन होत्या, काशीतल्या आमच्या गल्लीतल्या शेजारीण. ‘‘शैला, नलू बहिन नहीं रहीं,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांच्यामागे पीसीओवाल्याच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. मग त्याच म्हणाल्या, ‘‘आज भोर में. नींद में ही...’’ मी खुर्चीवर बसले. नलूताईंना श्वासाचा त्रास होता, तो वाढत चालला होता, हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही त्या नाहीत म्हणजे नक्की काय, हे काही केल्या मनात शिरेना.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास यजमानांची बँकेतून बनारसला बदली झाली. ब्रह्मा घाटाच्या वरच्या अंगाला, मराठी घरांच्या वस्तीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. सामान अजून पोत्यांत होतं, स्टोव्हला पिन सापडत नव्हती, तोच दारात एक उंच, सडसडीत बाई उभ्या राहिल्या. सुती पांढरं पातळ, पदर खोचलेला, पायांना माती. ‘‘मी नलू. समोर राहते, भावाकडे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते.’’ मी चहाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘चहा नंतर. पहिले बागेचं बोलू. तुला बुधवार चालेल ना?’’ पिढ्यानपिढ्या काशीत काढलेल्या त्या घरांचं मराठी असंच होतं, मधूनच हिंदीच्या गल्लीत शिरून परत बाहेर येणारं. ‘‘बुधवारी काय?’’ मी विचारलं. ‘‘तुझी बारी,’’ त्या म्हणाल्या, म्हणजे पाळी.

त्या दगडी गल्ल्यांमध्ये बाग असेल असं कोणाला स्वप्नातही वाटणार नाही. नलूताईंच्या घरामागे एक मोकळी जागा होती. तिथलं घर फार वर्षांपूर्वी पडलं होतं, मालक इंदूरला. विटांचे ढीग, कचरा आणि मोकाट गाई. नलूताईंनी मालकांची परवानगी मिळवली, ‘तुम्हाला लागेल तेव्हा मोकळी करून देऊ’ असा शब्द दिला, आणि गल्लीतल्या बायांना पदर खोचायला लावून जागा साफ केली. आतली जुनी विहीर जिवंत निघाली. मग तगर, जास्वंद, कण्हेर, एक बेल, एका बाजूला लौकी आणि नेनुआ, म्हणजे आपला दुधी आणि घोसाळी. मी गेले तेव्हा भिंतीवर दुधी लोंबत होते आणि वरच्या कठड्यावर माकडं त्यांच्याकडे बघत बसली होती.

बागेचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. नवीन बिऱ्हाड आलं की नलूताई स्वतः जाऊन सांगत. आठवड्यातला एक दिवस एका घराचा. दोघांनी यायचं, एकाने पाणी शेंदायचं, एकाने घालायचं. ज्याची बारी त्याने माकडांवर नजर ठेवायची, पण शेजाऱ्याच्या गच्चीकडे दगड भिरकावायचा नाही. फुलं आपल्या देवापुरती, कळ्या तोडायच्या नाहीत, आणि घाटावर विकायला तर मुळीच नाही. भाजी आधी आजाऱ्याच्या घरी, बाळंतिणीच्या घरी, मग उरली तर बाकीच्यांना. यायला जमणार नसेल तर स्वतः दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘माझी बारी घेता का’ विचारायचं, निरोप धाडायचा नाही. हा शेवटचा नियम लोकांना सगळ्यांत जड जाई. शेजारणीशी अबोला असला की पंचाईतच. पण त्यामुळेच आमच्या गल्लीतले अबोले फार टिकत नसत.

कोणी चुकलं तर त्या रागावत नसत. त्या दिवशी स्वतः पाणी घालत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात फुलांची परडी घेऊन त्या घराच्या दारात हजर. एकदा आमचे हे बँकेतून थकून आले, मला ताप होता, आणि बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी नलूताई दारात! ‘‘काल तुम्ही आला नाहीत ना, म्हणून तुमच्या देवाची फुलं मीच घेऊन आले.’’ चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नाही. यांना एवढं ओशाळल्यासारखं झालं की त्यानंतर बुधवारी बँकेत ऑडिट असलं तरी माणूस आधी विहिरीवर.

पुढच्या वर्षी आमची गार्गी झाली. बाळंतीण म्हणून बागेतली कोवळी भाजी आधी माझ्या घरी येऊ लागली. गार्गी रांगायला लागली तशी नलूताई तिला बागेत मातीत सोडत आणि मी ओरडले की म्हणत, ‘‘राहू दे गं, माती काय खाते तिला!’’ ...वैशाखात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. यांनी तिला दोन हातांवर घेतलं आणि घाटावर गेले. बरोबर नलूताईंचे भाऊ होते, दिनकरशास्त्री, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मी घरी होते. याहून जास्त मला आजही लिहवत नाही.

मी खोलीत पडून असे. शेजारणी येत, दाराबाहेर डबा ठेवत, दोन शब्द बोलून जात. बुधवार उजाडला. मिसिराइन आणि इतर दोघी-तिघींनी माझी बारी आपणहून घेतली होती. सकाळी नलूताई आल्या आणि उंबऱ्यात न थांबता सरळ आत आल्या. ‘‘ऊठ. बारी आहे तुझी.’’

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ‘‘नलूताई, मला सुतक आहे.’’

‘‘ठाऊक आहे मला. ऊठ.’’

‘‘मला नाही उठवत हो...’’

‘‘मला धरून ऊठ,’’ त्या म्हणाल्या.

मी उठले. गल्ली ओलांडताना लोक बघत होते. नलूताईंनी दोर माझ्या हातात दिला आणि त्या स्वतः बादल्या वाहू लागल्या. मी शेंदत राहिले. हात सोलवटले. गार्गी जिथे मातीत बसायची तिथे पाणी आलं तेव्हा मी दोर सोडून खाली बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. नलूताई जवळ आल्या नाहीत. मी सोडलेली बादली त्यांनी वर ओढली आणि पाणी घालत राहिल्या. माझं रडणं आटोपल्यावर मी परत दोर धरला.

दुपारपर्यंत गल्लीत बोभाटा झाला. ब्रह्मा घाटची वस्ती म्हणजे भिक्षुकांची, वेदपाठी घरांची. सुतकातल्या हातांनी घातलेलं पाणी, त्या झाडांची फुलं देवाला कशी वाहायची? सगळे अण्णांकडे गेले. अण्णा कडक माणूस, पण दुष्ट नव्हे. माझी मुलगी घाटावर नेताना त्यांचे डोळे वाहत होते असं यांनी मला सांगितलं होतं. त्यांनी बहिणीला अंगणात बोलावलं. आमच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

‘‘नलू, तिचे दिवस सरेपर्यंत थांबायला काय हरकत होती?’’

‘‘तिला हरकत होती, अण्णा.’’

‘‘शास्त्र आहे. माझ्या-तुझ्या मर्जीचा प्रश्न नाही.’’

‘‘मग तुम्ही त्या बागेतलं फूल घेऊ नका. मी बारी मोडणार नाही.’’

अण्णांनी फूल घेतलं नाही. त्यांच्यामागोमाग आणखी घरं बाहेर पडली. ज्येष्ठातली लू सुरू झाली होती, विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, आणि बाग मूठभर घरांवर आली. नलूताई सकाळी शाळेत जाण्याआधी पाणी घालत आणि संध्याकाळी परत. तगरीची पानं करपली, नेनुआचा वेल तर गेलाच. मी एकदा म्हटलं, ‘‘माझ्यामुळे तुमची बाग जाते आहे.’’ त्या चिडल्या. एवढंच एकदा त्या माझ्यावर चिडल्या. ‘‘तुझ्यामुळे काही नाही. बाग सगळ्यांची असेल तर रडणाऱ्याचीही आहे. नसेल तर जाऊ दे वाळून.’’

आणि मग एका सकाळी वैद्यकाकू आल्या. घरात अग्निहोत्र असलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत गल्लीत सगळ्यांत कडक. त्यांचे दीर वारून दोन-तीन दिवसच झाले होते. त्या बागेच्या दाराशी उभ्या राहिल्या, आत यावं की नाही या विचारात. मग हळूच म्हणाल्या, ‘‘नलू, घरात बसवत नाही गं. मला काहीतरी दे हाताला.’’ नलूताईंनी बादली पुढे केली. वैद्यकाकू आल्या म्हटल्यावर बाकीच्यांना आडकाठी उरली नाही. एकेक घर परत आलं, आणि दुःखाच्या घराला बारी आधी विचारायची, हा नियम होऊन बसला. ज्यांना नको असे त्यांना कोणी आग्रह केला नाही. पण बहुतेक येत.

अण्णा मात्र आले नाहीत. घराच्या मागच्या खिडकीखाली पांढरीशुभ्र तगर बहरलेली असे आणि ते रोज सकाळी चौकातल्या माळिणीकडून फुलं आणायला जात. नलूताई त्यांचा स्वयंपाक करत, त्यांची सोवळी वाळत घालत, औषधं देत. बहीण-भावांत प्रेम होतं, पण त्या एका दाराशी येऊन दोघंही थांबत. वर्षं तशीच गेली. आमची नागपूरला बदली झाली तेव्हा नलूताई जिना चढतानाही थांबायला लागल्या होत्या. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, ‘‘आता पाणी शेंदू नका, दुसऱ्या कोणाला सांगा.’’ त्या हसल्या. ‘‘स्वतः जाऊन विचारावं लागतं ना, बारी घेता का म्हणून... अजून पाय वळत नाहीत तिकडे.’’

फोन आल्यावर मी निघाले. पोहोचले तेव्हा मणिकर्णिकेवरचं सगळं उरकलं होतं आणि घरात सुतक होतं. अण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. फार म्हातारे दिसत होते. मला पाहून नुसती मान हलवली. मी मिसिराइनकडे उतरले. सोमवार नलूताईंचा होता, तेव्हा सोमवारी सकाळी आपण पाणी घालावं म्हणून मी बागेत गेले. दार उघडंच होतं. आत विहिरीपाशी अण्णा उभे होते, हातात दोर. दोर कप्पीवर उलटा बसवलेला.

‘‘मला जमत नाही आहे,’’ ते म्हणाले.

मी दोर सरळ केला. म्हटलं, ‘‘मी शेंदते, अण्णा. तुम्ही घाला.’’ त्यांना अर्धीच बादली उचलवे. झाडाच्या बुंध्याशी घालायचं सोडून ते पानांवर ओतत. तगरीपाशी आल्यावर ते थांबले.

‘‘आमची आई गेली तेव्हा नलू लहान होती,’’ ते एकदम म्हणाले. ‘‘गच्चीवर आईचा मोगरा होता, कुंडीत. उन्हाळ्याचे दिवस. मी क्रियेला बसलेला. रोज ती मला म्हणे, अण्णा, मोगऱ्याला पाणी घालू दे. मी नाही म्हणायचो. सुतक आहे, शिवू नको. तिनं ऐकलं माझं. दहा दिवस ती त्याच्यासमोर बसून होती, शैलाबाई. तो वाळला.’’

मी दोर धरून उभी राहिले.

‘‘त्या दिवशी अंगणात ती हे बोलली असती तर...’’ ते म्हणाले, आणि त्यांनी पदराआड तोंड लपवावं तसं उपरणं चेहऱ्यावर धरलं. ‘‘नाही बोलली. कधीच नाही बोलली. मला आठवत असेल असं तिला वाटलं असेल. आणि मला आठवत होतं.’’

आम्ही उरलेल्या झाडांना पाणी घातलं. वेळ लागला. मिसिराइन मधे डोकावल्या, अण्णांना पाहून तशाच मागे सरल्या. शेवटची बादली पालथी घातल्यावर अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘पाणी झाल्यावर ती लगेच घरी येत नसे. मी वरून हाका मारायचो. काय करत असे इथे?’’

मी त्यांना पलीकडे नेलं. बेलामागे, पडक्या भिंतीच्या कोपऱ्यात, एक जुना दगडी जोत्याचा तुकडा उरला होता. घराच्या कुठल्याच खिडकीतून तो कोपरा दिसत नाही. नलूताई रोज तिथे बसत. त्यांच्या पाठीनं मागचा चुना घासून गुळगुळीत झाला होता. समोरच्या दोन भिंतींच्या फटीतून तिथून गंगेची एक चिंचोळी पट्टी दिसते, एखादी नाव येते आणि लगेच दिसेनाशी होते.

अण्णांनी त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवला. मग गुडघे धरत सावकाश खाली बसले, पाठ टेकली, आणि समोर पाहू लागले. बऱ्याच वेळानं एक नाव गेली. ती दिसेनाशी झाल्यावर ते जरा बाजूला सरकले आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली.