पुसला गेलेला प्रवेश

दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेसाठी, आम्ही दोघं एकाच ऑनलाइन फाइलवर नाटक लिहीत होतो. मी देवरीत, माझ्याहून धाकटा मित्र चिचगडला. तिथे रेंज नसायची, त्यामुळे त्याचं लिखाण मोबाइलमध्येच अडकून राही. बाजाराला देवरीत आला, रेंज मिळाली, तेव्हा मोबाइलनं विचारलं, आईच्या प्रवेशाची कोणती प्रत ठेवायची, त्याची की माझी? "तुमचीच ठेवू भाऊ," म्हणत त्यानं बटण दाबलं. त्याची पुसली गेली.

मंडईत नेमका तोच प्रवेश सुरू झाला आणि माणसं चहाला उठली. नंतर मी विचारलं, "तू मायच्या तोंडी काय लिहिलं होतं?"

"आता कायले विचारून राहिले? तवाच वाचाचं होतं."

माझे खोडलेले स्वल्पविरामसुद्धा त्या मेल्या फाइलनं जुन्या नोंदींत अजून जपून ठेवलेत; त्यानं लिहिलेल्या मायची एक ओळ तेवढी नाही.