आई, टिटवाळा आणि एक चुकलेला दात

टिटवाळ्याला जायचं ठरलं ते भक्तीमुळे नाही, आईच्या जिभेमुळे. वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांची एका सिलेंडरची जुनी मोटरसायकल ताडपत्रीखाली सडत होती. कंबरेच्या ऑपरेशननंतर बाबांचं चालवणं बंद झालं, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी तिचं इंजिन उघडायला घेतलं. आई गॅलरीतून ओरडली, "हे भंगार सुरू झालं ना, तर मी त्याच्यावर बसून टिटवाळ्याच्या गणपतीला जाईन!"

भंगार सुरू झालं. शब्द थेट बाप्पाला दिलेला, त्यामुळे माघार नाही.

तुम्ही जाणार असाल तर शहाण्यासारखे भिवंडी बायपासने दुर्गाडीमार्गे कल्याण गाठा. आम्ही कळवा, मुंब्रा, शिळफाटा असे गेलो, कारण डोंबिवलीला मावशीने पोहे कबूल केलेले. रविवारी सकाळी लवकर निघालात तर कळव्याचा पूल तुम्हाला माणसासारखं वागवतो. मुंब्रा बायपासचा चढ मात्र आम्हाला भोवला. गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली आणि सायलेन्सरमधून फाट फाट बार निघाले. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, दिवाळी लवकर आणली काय?" एरवी आईने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. आज ती नुसती चढाकडे बघत होती.

कसाबसा काटई नाका ओलांडला आणि गाडीने मान टाकली. सायलेन्सरचा पाइप इतका तापलेला की रंग निळा पडला होता. समोर रसवंती होती. तिथल्या काकूंनी विचारलं, "मेकॅनिक कोण?"

"मीच."

त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरं. मग सावलीत घ्या, वेळ लागेल."

इंजिन निवेपर्यंत रस प्यायलो. आले-लिंबू घालून घ्या, बर्फ नको सांगा, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त ग्लास रसानेच भरतो. आईला गाडीचं दुखणं समजावलं: पिस्टन वर-खाली होतो, वरच्या दोन झडपा आपापल्या वेळी उघडतात, मिटतात. ती वेळ कॅम ठरवतो. कॅमचं दातेरी चाक एक दात जरी सरकलं, तरी धूर जायचं दार चुकीच्या वेळी उघडतं, ताकद जाते, इंजिन तापतं.

बाबांना फोन केला. "कॅमवर मी छिन्नीने मारलेली खूण आहे, तीच धर," ते म्हणाले. "कारखान्याची खूण विसर. त्यांना काय कळतंय!"

घरी मी तीच धरलेली.

झडपांचे दांडे ढिले केले, तेल सांडू नये म्हणून गाडी भिंतीला कलती टेकवली आणि बाजूचं झाकण काढलं. चाक काकूंकडच्या रॉकेलने घासल्यावर बाबांच्या खुणेशेजारी एक बारीक ठिपका दिसला. बरोब्बर एक दात पुढे. प्लग काढून त्या भोकात रसाची स्ट्रॉ घातली, ती वर सरकायची थांबेपर्यंत मागचं चाक हळूहळू फिरवून पिस्टन अगदी वर आणला. पिस्टनबरोबर फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकावरची खूण त्या ठिपक्यासमोर आणून सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. कारखाना बरोबर होता. बाबा चूक.

"म्हणजे ह्यांनी ती खूण मारली तेव्हापासून गाडी अशीच?" आईने विचारलं.

"हो. म्हणून चढावर दम नाही."

आईने ग्लास खाली ठेवला. "तुझ्या जन्माआधी मुंब्र्याच्या चढावर ह्यांनी मला उतरवलेलं. बरोबर ह्यांचे मित्र होते. म्हणाले, मागे वजन आहे ना, गाडी कशी चढणार? सगळे हसले. मी चालत वर गेले. मग नाही बसले कधी."

आई गाडीला घाबरते, असंच मला आजवर वाटायचं.

चाक एक दात सरकवलं. झाकणाखालचा तेल अडवणारा कागद फाटलेला, म्हणून आईने पर्समधून जाड लग्नपत्रिका काढून दिली. "गणपती सोडून काप," म्हणाली. झडपांचं अंतर लावलं, प्लग बसवला. दुसऱ्या किकला गाडी धडधडली, एकही बार नाही. काकूंनी टाळी वाजवली.

पोहे हुकले. मावशी फोनवर रुसली. कल्याण पार करून शहाडच्या पुलाचा चढ आला तेव्हा आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. गाडी न कुरकुरता वर गेली. वर पोचल्यावर माझ्या कानाशी ती ओरडली, "चढली! मला घेऊन चढली गं!"

टिटवाळ्याला गाडी तलावाजवळ लावा, पुढे गर्दी असते. दर्शनाला आई फार वेळ उभी राहिली. काय मागितलं ते सांगितलं नाही. मोदक मात्र सहा घेतले आणि वाटेत चार खाल्ले.

घरी बाबा दारातच. "काय झालेलं?"

"कॅम एक दात सरकलेला होता," मी म्हटलं. "खूण तुमची चुकलेली."

बाबा वाद घालतील म्हणून मी ठिपक्याचा फोटो तयार ठेवलेला. त्यांनी तो चष्मा वर करून बघितला. मग आईकडे बघितलं.

"तू तेव्हा चालत वर आलीस."

"आले."

"मी वर सिगारेट ओढत थांबलेलो."

"दोन ओढल्यात."

बाबा खाली मान घालून उभे राहिले. "चुकलंच गं माझं."

आईने बॅगेतून उरलेले मोदक काढले, एक त्यांच्या हातावर ठेवला. ती आत गेल्यावर ते हळूच मला म्हणाले, "तिला विचार ना, परत कधी जाणार ते."

"तुम्हीच विचारा," मी म्हटलं, आणि हातांचं तेल धुवायला गेले. साबणाने ते निघालं. माझ्या खांद्यावर मात्र आईच्या बोटांचे वळ दोन दिवस होते.