उपकारस्तुतीचा भोपळा

उपकारस्तुतीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लोक शेतातलं, परसातलं पहिलं फळ वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. यंदा रूथमावशींनी दारच्या वेलाचा पहिला लाल भोपळा आणला होता, ओल्या फडक्याने पुसून, देठासकट.

त्यावर चर्चचा कारभार बघणारे आमचे दोन पंच भिडले. एकाची बोली झाली की दुसरा वर चढायचा, लोक टाळ्या पिटत होते. भोपळ्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं. जिंकलेल्या पंचांनी फोटो काढून घेतला, पैसे भरले आणि ते गाडीत बसून गेले. भोपळा राहिला टेबलाखाली; आवराआवरीत कुणीतरी तो चर्चच्या मागच्या खोलीत सरकवला.

माझं डोकंच फिरलं. छत गळतंय, चर्चला पैसा हवाय, हे मलाही कळतं. पण देवाला दिलेलं फळ कुणाच्या तरी चुलीवर चढायला नको? देणाऱ्यांचे फोटो निघतात. घेण्याचं कुणाला सुचतच नाही.

पुढच्या रविवारी मावशींनी त्या पंचांना दारातच गाठलं. "दादा, भोपळा गोड निघाला का?"

"एकदम साखर, मावशी!"

"मग थोड्या बिया द्या की. पुढच्या सणाला त्याचाच वेल लावते."

"आणतो, आणतो," म्हणत पंच आत सटकले.

मी तणतणत मागच्या खोलीत गेलो, भोपळा उचलून घरी आणला, चिरला, मावशींसाठी बिया राखेत घोळून वाळत घातल्या. मग भाजी केली.

आणि कहर म्हणजे, भोपळा खरोखरच साखर होता.