दर रविवारी भरणारी डिस्क

आधीच सांगते, भूतखेत, करणी, आत्मे — असल्या गोष्टींचा मला भयंकर राग येतो. बाबांसमोर कुणी तसलं बोललं तर ते त्याची बिनपाण्याने करायचे, तेच माझ्यात उतरलंय. त्यात माझी नोकरी आयटी सपोर्टची... 'मॅडम, कॉम्प्युटर आपोआप असं करतोय' हे ऐकून ऐकून कान किटलेत. आपोआप काही होत नसतं, हे माझं ठरलेलं उत्तर. म्हणूनच हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. बाबांची नोकरी परराज्यात, आबिड्सला, आणि घर त्याच शहरात दिलसुखनगरला. आईची नजर शुगरने गेली, तेव्हापासून बाबा जेवणं झाली की तिला मराठी पेपर वाचून दाखवायचे. तिकडे तो मिळायचा नामपल्ली स्टेशनवर, तिथून आणायचे, तोही एक दिवसाचा शिळा! वाचलेलं कॉम्प्युटरवर रेकॉर्डही करायचे, ते बाहेर गेले की तिला परत ऐकता यावं म्हणून. बोटाला सापडावी म्हणून एन्टरच्या बटणावर त्यांनी आईचीच एक टिकली चिकटवली होती. टिकली दाबली की बाबा सुरू.

बाबा जाऊन दोन वर्षं होऊन गेली. आई माझ्याकडे मियापूरला यायला तयार नाही. रोज दुपारी टिकली दाबते आणि ऐकत बसते. नेट मी केव्हाच काढून टाकलं होतं. त्या रेकॉर्डिंगशिवाय कॉम्प्युटरमध्ये काही नव्हतंच.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचा फोन — "कॉम्प्युटर भरलाय गं. येऊन साफ कर." जाऊन बघते तर डिस्क खरंच ठासून भरलेली. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइन फोल्डरमध्ये, म्हणजे संशयित फायली तो जिथे डांबून ठेवतो तिथे, अगडबंब फायली. नावं म्हणजे नुसते आकडे. अँटिव्हायरसची ही खोड जुनी आहे, कचरा साठवत बसतात मेले. पुसलं. पुढच्या रविवारी परत तेच! लायसन्स संपलेलं, नेट नाही, मग फायली येतायत कुठून? वैतागून अख्खा अँटिव्हायरसच काढून टाकला. तरी पुढच्या रविवारी ते फोल्डर हजर... आणि भरलेलं.

"आई, हा डबा घाल भंगारात. तुला सगळं मोबाइलवर टाकून देते."

"नक्को. तू निस्ती साफ कर."

"पण भरलाय हे तुला कळतं कसं?"

"कळतंय मला."

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं म्हणून मी सोडून दिलं.

एका रविवारी घरातून निघायलाच उशीर झाला, पोचेपर्यंत दुपार. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर आत बाबांचा आवाज. तो रोजचाच, त्यात काय? मी चप्पल काढत होते... बाबा वाचत होते की अर्धापूरकडे गारा पडल्या, केळीच्या बागा आडव्या झाल्या. ती गारपीट त्याच आठवड्यातली! शुक्रवारीच नांदेडहून मामाने फोनवर सांगितली होती.

बाबा खाकरले. म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. कुठपर्यंत आलो होतो?"

आणि आई म्हणाली, "केळीपर्यंत."

"हां," म्हणाले, आणि पुढे वाचायला लागले.

एक चप्पल पायातच, मी दाराशी बसून ऐकत राहिले. थोड्या वेळाने वाक्याच्या मध्येच आवाज तुटला. पडद्यावर तीच सूचना, डिस्क भरली आहे.

"आलीस का?" आई म्हणाली. "बग, जागा संपली की असंच तुटतंय. पूस आता, उद्याला लागंल त्यांना."

"आई... मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर डॉक्टरकडं नेलं असतंस मला."

नेलंच असतं, खोटं कशाला बोलू.

पुसण्याआधी त्या दिवसाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, घरी लावून पाहिली — नुसती खरखर. पुढच्या वेळी शेजारी बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्यात फक्त आई आहे. "हं... अगं बाई... मग?" आणि मधे मधे शांतता. मोठी डिस्क बसवते म्हटलं, तर आईने माझं मनगट घट्ट धरलं. "आन् नाही आले तर?" डिस्क आहे तीच ठेवली.

पण मलाही बाबा हवे होते हो! एवढेसे तरी, माझ्यापाशी. मी आईला म्हटलं, या फायली एक आठवडा पुसत नाही, पुढच्या रविवारी इथेच लावून मला ऐकायच्यात. ती लगेच म्हणाली, "राहू दे. तुझेबी बाबाच हैत."

सोमवारी संध्याकाळी फोन केला. दुपारभर काय केलंस विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, बसले होते कॉम्प्युटरपाशी. सवय झालीय ना." डिस्कवर जागाच नव्हती, बाबा आलेच नव्हते. तशीच मेट्रोने गेले. फोल्डर उघडलं. जगाला बॅकअप घ्या म्हणून ओरडणारी मी, एकेका फाइलवर बोट ठेवून पुसत होते आणि रडत होते. प्रत्येकीत ते असणार होते.

मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"आले गं! रागावलेत जरा. विचारत होते, काल कुठं गेली होतीस म्हणून."

हे काय आहे, मला अजूनही कळलेलं नाही. कळावं असंही आता वाटत नाही, तेव्हा कृपा करून उपाय सुचवू नका. उद्या रविवार आहे, मला दिलसुखनगरला जायचंय.