डुकरं पळतात, धुकं पळत नाही

आष्टीत संत्र्याची गाडी बाई चालवते, याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. धनंजयच्या कमरेचा मणका सरकला तेव्हा त्याचा पिकअप बायकोनं, मंजुषानं, हाती घेतला. त्याला तीन वर्षं झाली. सासऱ्यांची, रूपरावांची, एकच अट होती. रात्री शेताच्या जागलीला रानडुकरं हाकलायचा पांढरा झगझगीत लाइट त्यांनी हौसेनं गाडीच्या टपावर बसवला होता. तो लावल्याशिवाय अंधारात निघायचं नाही. मंजुषा गावाबाहेर पडली की तो विझवायची. कुणीतरी चुगली केली.

"आज मी संगं येतो," रूपराव म्हणाले. "त्या लाइटाबिगर रस्ता दाखव मले. नाई दिसला त उद्यापासून अंकुश गाडी चालवंल." अंकुश म्हणजे धाकटा दीर.

वर्ध्याच्या वाटेवर तळेगावपर्यंत हवा स्वच्छ होती. रस्ता मोकळा दिसला की मंजुषा हेडलाइट वर उचलायची, समोरून कुणी आलं की लगेच खाली.

"तूच काऊन दरवेळी नमतं घेतं? त्याईले घेऊ दे की!"

"त्याचे डोळे दिपले त तो आपल्याच अंगावर येईन, मामाजी."

आर्वी सुटली आणि धुकं उतरलं. तिनं मुद्दाम टपावरचा लाइट लावला. उजेड धुक्यावरच आदळला, समोर चुन्याची भिंतच उभी राहिली. विझवला. हेडलाइट खाली, बंपरजवळचे पिवळे फॉगलाइट सुरू, वेग वीसवर. डाव्या कडेची पांढरी रेघ दिसू लागली.

"डुकरं पयतात त्याले पाहून!" रूपराव अडून बसले.

"डुकरं पयतात. धुकं नाई पयत."

तेवढ्यात समोरून ट्रक आला, फुल लाइटमध्ये. तिनं दोनदा डिप्पर दिला. तो कसला ऐकतो!

"मार तूबी त्याच्या डोळ्यात!" रूपरावांचा हात टपावरच्या लाइटच्या बटणाकडे गेला. मंजुषानं तो बाजूला सारला. आयुष्यात पहिल्यांदा. नजर रेघेवरच ठेवली. ट्रक गेला, आणि पुढे ती रेघ कशाखाली तरी गडप झाली. तिनं ब्रेक दाबला.

कापसानं फुगलेली ट्रॉली, चाक बसलेलं, मागे लाल दिवा नाही. मध्ये हातभर जागा.

रूपराव उतरून ट्रॉलीवाल्यावर तोंडभर बरसले. परत आले ते दार धरून उभेच. "राहू दे आता. अंकुशले फोन लावतो, तो येऊन नेईन गाडी."

"लावा. तो येईस्तोवर मी वर्ध्यात माल उतरवून मोकळी होईन." तिनं गिअर टाकला. "मी या सीटवरून उठत नाई. आजबी नाई, उद्याबी नाई. बसता का एसटीनं येता?"

रूपराव चढून बसले.

"दार नीट लावा, मामाजी."