महजरातले वगैरे

आपल्याला मोडी वाचता येतं हे पुण्यात कुणाला सांगू नये. मी सांगितलं, आणि निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी दुपारी पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात लोकांचे पूर्वज वाचत बसते. कुणाच्याही पूर्वजाने कधी शेण काढलेलं नाही की लाकडं फोडलेली नाहीत. सगळे सरदार. पिशवीतून कागद काढतानाच या लोकांच्या चेहऱ्यावर किल्ला सर केल्याचा भाव असतो.

वाघोलीचे एक गृहस्थ घराण्याची सनद घेऊन आले. कागद लॅमिनेट केलेला. इतकी वर्षं वाळवीने सोडला, तो यांनी प्लास्टिकमध्ये शिजवला. वाचला तर ती शेजाऱ्याची तक्रार निघाली. यांचे पूर्वज बांध कोरतात आणि विचारायला गेलं की अंगावर कुत्रं सोडतात. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, थोडं वेगळं नाही का वाचता येणार? हॉलमध्ये फ्रेम लावायचीये." मी म्हटलं, "वेगळंच वाचायचं असेल तर मी कशाला हवी? घरी बसून वाचा की आपलं आपण." ते रागावून गेले. मला बरं वाटलं.

लोकांना तुच्छ लेखणं हा माझा स्वभाव आहे, लपवत नाही. मोबाइलवर मिशा पिळत इतिहास सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. एकाने तरी मूळ कागद हातात धरला असेल तर शपथ. मला या कागदांचं वेड आहे ते भाषेसाठी. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वाक्य कानात वाजल्याशिवाय डोळ्यांना सुटत नाही. आणि ती अदब! गाव जाळण्याची धमकी देणारं पत्रसुद्धा 'बहुत काय लिहिणे, हे विनंती' असं म्हणून संपतं. हल्ली आभार मानायचे तर लोक मोबाइलवरचा अंगठा दाखवतात.

गेल्या वर्षी येरवड्याहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सरकारी नोकरीतल्या, अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेल्या. हातात माझंच पुस्तक होतं. तरुणपणी मी एका तालुक्यातले महजर छापले होते. महजर म्हणजे गावासमोर झालेल्या निवाड्याचा कागद, खाली हजर असलेल्यांच्या साक्षी. हे पुस्तक वाचणारं कुणी जिवंत आहे हे पाहून मी मनातून खूश झाले, आणि तोंडाने मात्र विचारलं, "तुम्हीही पूर्वजच शोधायला आलात का?"

"नाही. पूर्वज माहीत आहे. नाव हवंय."

त्यांनी पान उघडलं. दोन गावांचा शिवेवरून तंटा. पाटलांचं एकमत होईना, तेव्हा महाराने पुढे चालून शीव दाखवली आणि दोन्ही गावांनी ती मानली. खाली साक्षींमध्ये मी पाटील, कुलकर्णी, चौगुला यांची नावं छापली होती, आणि शेवटी नुसतं: महार वगैरे.

"हे आमचं गाव," त्या म्हणाल्या. "शीव आमच्या माणसाने दाखवली, असं बाबा लहानपणापासून सांगतात. गावात कुणी खरं मानलं नाही. आता ते नव्वदीचे आहेत, अंथरुणावरच असतात. मूळ कागदात नाव असेल ना?"

मूळ कागद उरलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तो ज्या घरात होता ते घर पडलं आणि दप्तर पाण्यात गेलं. पण माझ्या हातच्या नकलेच्या वह्या घरी होत्या. म्हटलं, "पुढच्या गुरुवारी या, सापडेल."

त्याच संध्याकाळी वही काढली. कागदाचा कोणता कोपरा फाटलेला, शाई कुठे फिकटलेली, सगळी नोंद होती. पाटलाच्या नांगराच्या निशाणीचं चित्र होतं. कुलकर्ण्याच्या वळणदार अक्षरावर अर्धं पान कौतुक होतं. आणि त्याखाली, माझ्याच सुबक अक्षरात, महार वगैरे.

आम्हा संपादकांची रीतच ती. मानकऱ्यांची नावं जपून उतरवायची आणि खालच्यांपाशी आलं की वगैरे लिहून पान वाचवायचं. मला गुरूंनी शिकवलं, मी पुढे माझ्या वर्गांना शिकवलं. कुणी एकानेही का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच त्याला खाली बसवलं असतं. मला स्वतःची शिसारी आली. नाव वाचल्याशिवाय वगैरे लिहिता येत नाही. म्हणजे मी ते वाचलं होतं. दोन दिवस आठवायचा प्रयत्न केला. नांगर आठवत होता, नाव काही केल्या आठवेना.

गुरुवारी बाई आल्या. मी वही समोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे नाव होतं," त्या म्हणाल्या.

"होतं. निवाड्यात ज्याने शीव दाखवली त्याची साक्ष नावानिशी घेत. या कागदातही होती."

"मग तसं लिहून द्या आपण. छापलंय त्याच पानावर."

मी लिहिलं: शीव दाखवणाऱ्याचं नाव मूळ कागदात होतं. मी ते वाचलं आणि गाळलं. खाली पूर्ण सही केली. अक्षर वाईट आलं.

त्यांनी तिथूनच वडिलांना फोन लावला. ते कानाने अधू, म्हणून माझं वाक्य मोठ्याने, दोनदा वाचून दाखवावं लागलं. वाचनालयातल्या सगळ्या माना वर झाल्या.

मग फोनमधून म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बरं हाय. पर नाव काय त्येंचं?"